बाबा, बीट आता पुरे

तीर्थरूप आई-बाबा,
सा. नमस्कार.

फोनवर आईच्या तब्येतीचा विषय काढला की आई लगेच "तुमच्याकडे पाऊस आहे का गं?" विचारते, म्हणून लिहायला बसले. बाबा, मोठ्याने वाचून दाखवा. मधलं गाळू नका.

ठरलेलं आधी सांगते. शनिवारी आम्ही दोघं गाडी घेऊन येतोय, रविवारी सकाळी तुम्हाला घेऊन पुण्याला. बुधवारी आईची दुर्बिणीची तपासणी आहे, वरून आणि खालून, दोन्ही. पैसे भरून झालेत. न विचारता ठरवलं, हे मला कळतंय. पण विचारलं असतं तर "गणपती होऊन जाऊ देत" आलं असतं, आणि गणपती झाले की तुमचं नवरात्र असतंच.

आईचं हिमोग्लोबिन 9.1 आलंय. बायकांना ते 12 च्या खाली नको. त्याच्याखाली पीसीव्ही म्हणून 28 लिहिलंय, तेच हेमॅटोक्रिट. आई, तुला ताकाची निवळ माहीत आहे ना? रक्ताची नळी यंत्रात गरगर फिरवली की तसंच होतं. लाल पेशी तळाशी बसतात, वर पिवळसर पाणी राहतं. शंभर भागांत लाल थर किती, तो हा आकडा. बायकांचा साधारण 36 ते 46 असतो, तुझा 28. हिमोग्लोबिनची तिप्पट केली की जवळपास पीसीव्ही येतो. बाबा, तुम्ही पडताळून बघणारच, म्हणून आधीच सांगून टाकलं.

आता माझी चूक. मागच्या वर्षीच्या रिपोर्टवर 12.1 होतं आणि मी व्हॉट्सॲपवर अंगठा दाखवून मोकळी झाले. तेव्हा तुला तीन दिवस जुलाब होत होते. अंगातलं पाणी गेलं की वरची निवळ कमी होते आणि ताक दाट दिसतं, म्हणून काही दही वाढत नाही. त्या 12.1 चं तसंच झालं असणार. पेशींचा आकार सांगणारा एमसीव्ही तेव्हाही 77 होता, 80 च्या खाली. ठळक अक्षरात छापलेला. मी खालपर्यंत वाचलंच नाही. आता तो 71 आहे, आणि साठ्यातलं लोह सांगणारं फेरिटिन फक्त 6.

आणि मे महिन्यात देवळाच्या पायऱ्यांवर तू दोनदा बसलीस, तेव्हा मी "आता वय झालं" म्हटलं. लहानपणी मला खिडकीशी नेऊन, डोळ्याची खालची पापणी ओढून बघायचीस. "पांढरी पडलीय कार्टी," म्हणायचीस आणि संध्याकाळी अळिवाची खीर असायची. तुझी पापणी मी एकदाही ओढून बघितली नाही.

आई, तू खात नाहीस म्हणून हे झालं असं कुणीही म्हणत नाहीये. बाबांना तर ते मुळीच म्हणायचं नाहीये. डॉक्टरांना शंका आहे ती गुडघ्याच्या गोळीची. मेडिकलमधून आणून रोज घेतलेल्या वेदनाशामक गोळीने पोटाच्या आत जखमा होतात आणि रक्त झिरपत राहतं, दिसतही नाही. चहाचा एक चमचा रक्त गेलं की साधारण अडीच मिलिग्रॅम लोह जातं, आणि शरीर दिवसाला जेमतेम 1-2 मिलिग्रॅम शोषतं. म्हणजे भरतीपेक्षा गळती जास्त. बादलीला भोक असताना नळ मोठा करून काय उपयोग? बाकी काही नाही ना, तेही दुर्बिणीत बघून होईल. या वयात लोह कमी आलं की सगळ्यांचंच बघतात, तुझंच काही वेगळं नाही.

बाबा, म्हणून बीट पुरे. लाल आहे म्हणून रक्त वाढत नाही, त्यात लोह फारसं नसतं. उलट त्याने संडासला लाल होते आणि खरं काही असलं तरी लक्षात येणार नाही. गुडघ्याची गोळी आजपासून बंद, दुखलं तर मला फोन करायचा. लोहाची गोळी डॉक्टरांनी तपासणी होईपर्यंत थांबवायला सांगितलीय, तिने आतडं काळं दिसतं. बीपीची चालू ठेवायची. आई, जेवणावर लगेच चहा नको, तो लोह अंगी लागू देत नाही. आणि संडासला डांबरासारखी काळी झाली, चक्कर आली किंवा छातीत धडधडलं तर शनिवारची वाट बघायची नाही. रात्रीचे दोन वाजले असले तरी फोन करा.

जावयाच्या घरी इतके दिवस कसं राहायचं, हे मनात आणू नकोस. त्यानेच बुधवार-गुरुवार रजा टाकलीय. खालची खोली तुमची, संडास खोलीला लागून, कमोडला धरायला दांडी बसवून घेतलीय. तपासणीच्या आधी पोट साफ करायचं औषध प्यावं लागतं, ते कंटाळवाणं आहे, पण मी शेजारी बसेन. दुर्बिणीच्या वेळी गुंगी देतात. तुळशीला पाणी शेजारच्या काकू घालतील, मांजराचं दूधही सांगून ठेवलंय. बाबा, एफडी मोडायची नाही. दापोलीच्या वेळी तुम्ही मला हिशेब विचारला नव्हता, मीही सांगणार नाही.

आई, स्वतःची उशी घे. लाडू करत बसू नकोस. केलेसच तर बसून कर.

तुमची,
बेबी

ता. क. बाबा, गोळ्यांची पिशवी आहे तशी आणा, रिकामी पाकिटंसुद्धा. आईने फेकायच्या आत ताब्यात घ्या. मी मोजणार आहे.