वहिनी, त्या किराण्याच्या पावतीबद्दल

प्रिय वहिनी,

तोंडावर आभार मानले की तुम्ही "पुरे गं, पोहे गार होतायत" म्हणून उडवून लावता. म्हणून इथे चारचौघांत लिहितेय.

२०२४ चा एप्रिल होता. पिट्सबर्गमधलं माझं मास्टर्स संपत आलेलं आणि हातात दोन ऑफर: इथलीच ८०,००० डॉलरची आणि डॅलसची ७६,००० ची. सांगलीला फोन करून मी सांगूनही टाकलं होतं, ऐंशी हजार गुणिले डॉलरचा त्र्याऐंशी रुपये भाव, भागिले बारा, महिन्याला साडेपाच लाख! बाबांनी तर शिक्षणकर्ज कधी फिटतं तेही मांडलं. त्या संध्याकाळी तुम्ही विचारलंत, "हातात किती?" मी म्हटलं, "तेच की." तुम्ही काहीच बोलला नाहीत. ओट्यावरची किराण्याची लांबलचक पावती उलटी केलीत आणि पेन शोधायला लागलात.

"आधी दिल्लीचं बघू," म्हणालात. फेडरल म्हणजे दिल्ली, पेनसिल्व्हेनिया म्हणजे मुंबई आणि पिट्सबर्ग म्हणजे आपली नगरपालिका. मला आजही तेच शब्द आठवतात, खरी नावं नंतर.

८०,००० मधून १४,६०० स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे सरसकट मिळणारी करवजावट, वजा. उरले ६५,४००. मी लगेच मोबाइलवर त्याचे २२ टक्के काढायला लागले, तर तुम्ही तीन वाट्या समोर मांडल्यात. पहिली ११,६०० ची, तिच्यावर १० टक्के. ती भरून सांडलं ते दुसरीत, ४७,१५० पर्यंत, त्यावर १२. तिसरीत पडलं तेवढ्यावरच २२. म्हणजे १,१६० अधिक ४,२६६ अधिक ४,०१५, एकूण ९,४४१. बी.कॉम. न झालेल्या माणसाला स्लॅब असा कुणी शिकवला असता तर भारतात असतानाही मी 'पगार वाढला तर हातात कमी येईल' असलं काही बडबडले नसते.

मग सोशल सिक्युरिटी (म्हातारपणीचं पेन्शन) ६.२ आणि मेडिकेअर (म्हातारपणीचा आरोग्य विमा) १.४५ टक्के, मिळून ६,१२०. यांना डिडक्शन वगैरे काही नाही, पहिल्या डॉलरपासून कापतात. मुंबईचंही तसंच: ३.०७ टक्के, २,४५६. इथे मी सुटकेचा श्वास सोडला. तुम्ही हसलात. "पालिका राहिली की." शहर आणि शाळा मिळून ३ टक्के, २,४००. वर वर्षाचे ५२ डॉलर स्थानिक सेवांचे आणि बेकारी निधीचे ५६. पगारावर शहर कर घेतं हे मला त्या दिवशी कळलं. दोन वर्षं त्याच शहरात राहत होते!

खाली रेघ मारून तुम्ही आकडा लिहिलात: ५९,४७५. महिन्याला पाच हजारालाही थोडे कमी, तेही आरोग्य विमा आणि ४०१ के (निवृत्तीसाठीची बचत) धरायच्या आधी. मग पावतीच्या कडेला डॅलस. टेक्सासला राज्याचा आयकर नाही, पगारावर पालिकाही नाही. ७६,००० चे हातात ६१,६२५. चार हजारांनी लहान ऑफर एकवीसशे पन्नासांनी मोठी निघाली! मी डॅलसचं विमान पकडायच्या बेतात होते, तेवढ्यात तुम्ही खाली आणखी दोन ओळी ओढल्यात: गाडीचा हप्ता, गाडीचा विमा. इथे मला बस पुरते. मी राहिले, पण का राहिले ते माहीत असून राहिले. बाबांना पुन्हा फोन करणं तेवढं जड गेलं.

दुसरा उपकार जूनमधला. पहिल्या पगाराची स्लिप मी नुसती कौतुकाने दाखवायला आणली होती. तुम्ही चष्मा वर सरकवलात आणि सोशल सिक्युरिटी, मेडिकेअरच्या दोन ओळींवर नख ठेवलंत: १९०.७७ आणि ४४.६२. "तू ओपीटीवर ना? एफ-१ वर येऊन पाच वर्षं व्हायची आहेत ना? मग हे का कापलं?" एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसा, ओपीटी म्हणजे त्यावरच शिक्षणानंतर मिळणारी कामाची परवानगी; त्यावर पहिली पाच वर्षं हे दोन कर लागत नाहीत, हे आमच्या पेरोलवाल्यांना माहीतच नव्हतं. तुम्ही सांगितल्याप्रमाणे आधी कंपनीलाच ईमेल केला. तीन वेळा. दुसऱ्या पगारातही कापले, मग मात्र दोन्ही वेळचे मिळून ४७० डॉलर परत आले.

मी विचारलं, मग एप्रिलमध्ये ते ६,१२० धरलेत कशाला? तर म्हणालात, "एच-१बी (नोकरीचा व्हिसा) लागली की कापणारच आहेत. आत्ता मिळतंय ते तुझं नाही असं समज आणि वेगळं ठेव." दर पगाराला २३५ डॉलर मी वेगळ्या खात्यात टाकत गेले. कधीकधी राग यायचा, खोटं कशाला बोलू. नोव्हेंबरमध्ये कोट घेण्यासाठी एकदा त्यातले काढलेसुद्धा, हे तुम्हाला आजच कळतंय.

आणि ते तीन पगारांचे महिने! पंधरवड्याला पगार म्हणजे वर्षात २६, त्यामुळे दोन महिन्यांत तीन-तीन येतात. "घर दोनांत चालव, तिसरा कर्जाला." कर्जाचे जे जादाचे हप्ते गेले ते सगळे त्यातून गेले.

ऑक्टोबर २०२५ मध्ये एच-१बी सुरू झाली आणि स्लिप २३५ ने उतरली. ऑफिसातला एक मुलगा तसाच उतरलेला पगार घेऊन एचआरशी भांडायला निघाला होता, त्याला जिन्यात थांबवलं. माझ्या स्लिपचा फोटो तुम्हाला पाठवला, तर तुमचं एका ओळीचं उत्तर: "आले का दिल्लीवाले?"

ती पावती माझ्याकडेच आहे. छापील बाजूची शाई उडत चाललीय, तूरडाळ आणि कढीपत्ता एवढंच वाचता येतं. तुमचं पेन मात्र ठळक आहे. त्या रात्री तुम्ही सोबत दिलेला स्टीलचा डबाही माझ्याकडेच आहे. शनिवारी आणते. इतके दिवस ठेवून घेतलेला डबा रिकामा द्यायचा नसतो, म्हणून खोबऱ्याच्या वड्या केल्यात. थोड्या कडक झाल्यात, चालवून घ्या.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची सांगलीकर