‘चार्ज’ समजायचा तर आधी बंडी पाहा

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

दहावीच्या आणि स्पर्धा परीक्षांच्या पानांवर इंग्रजी शब्दांचे अर्थ छापून येतात. ‘चार्ज’ आला की पुढं ओळीनं शुल्क, आरोप, हल्ला, कार्यभार, विद्युतभार. पोरं ते घोकतात आणि पेपरात नेमका नको तोच लिहून येतात. या पाचही अर्थांना बांधणारी दोरी कुणी दाखवतच नाही. विदर्भात तर ती अंगणात उभी असते. ती म्हणजे आपली बंडी, बैलगाडी.

लॅटिनमध्ये ‘कारुस’ म्हणजे चाकाची गाडी. हा शब्द रोमनांनी आजच्या फ्रान्सच्या भागातल्या गॉल लोकांकडून उचलला. त्यावरून ‘कारिकारे’, म्हणजे गाडीत माल भरणं. तेच फ्रेंचमधून इंग्रजीत ‘चार्ज’ होऊन आलं. जहाजावरचा ‘कार्गो’ आणि रस्त्यावरची ‘कार’ याच घरातले. तेव्हा चार्ज म्हणजे बंडी भरणं. काय भरलं आणि कुणावर लादलं, एवढंच पाहायचं. पैशाचं ओझं लादलं तर शुल्क, गुन्ह्याचं लादलं तर आरोप, कामाचं लादलं तर कार्यभार. बंदुकीच्या नळीत ठासलेली दारू हाही चार्ज, आणि तशा बंदुकीला आपण ‘भरमार’च म्हणतो. बेंजामिन फ्रँकलिननं काचेच्या बरण्यांत वीज साठवताना हाच शब्द वापरला. अशा बरण्यांच्या रांगेला त्यानं 1749 मध्ये ‘बॅटरी’ म्हटलं. तो तोफांच्या रांगेचा शब्द. हल्ल्याचा अर्थ थोडा लांबून येतो, शस्त्र रोखून तुटून पडण्यावरून.

मराठीनं हे कधीच ओळखलं आहे. भार, प्रभार, अधिभार, कार्यभार, बोजा, सगळी ओझ्याचीच लेकरं. वीजबिलावरचा ‘आकार’ तेवढा वेगळ्या घरचा. फिक्स्ड चार्ज म्हणजे स्थिर आकार, व्हीलिंग चार्ज म्हणजे वहन आकार.

अर्थ कळला तरी वाक्य चुकतं, आणि ते मराठीमुळे चुकतं. ‘त्यानं माझ्याकडून दहा रुपये घेतले’ हे डोक्यात असतं, म्हणून मुलगा लिहितो ‘ही चार्ज्ड टेन रुपीज फ्रॉम मी’. इंग्रजीत ओझं थेट माणसावर पडतं, मध्ये ‘फ्रॉम’ नको. ‘ही चार्ज्ड मी टेन रुपीज फॉर द झेरॉक्स’. आधी माणूस, मग रक्कम, मग ‘फॉर’ लावून काम. आरोपातही तसंच. ‘माझ्यावर’ म्हणून ‘ऑन मी’ लिहितात. हवं ‘दे चार्ज्ड मी विथ थेफ्ट’. चोरीनं लादलं, म्हणून ‘विथ’. इथं शेजारची क्रियापदं गोंधळ घालतात, त्यामुळे चारही एकदमच शिकवावीत. ॲक्यूज्ड ऑफ थेफ्ट, अरेस्टेड फॉर थेफ्ट, चार्ज्ड विथ थेफ्ट, कन्व्हिक्टेड ऑफ थेफ्ट. गुन्हा एकच, पण संशयापासून शिक्षेपर्यंत शब्दयोगी बदलत जातो.

आणखी एक नेहमीची चूक, ‘व्हॉट इज द चार्ज ऑफ कॉटन?’ वस्तूला प्राइस किंवा रेट, सेवेला चार्ज, प्रवासाला फेअर, डॉक्टर-वकिलाला फी. कापसाचा भाव प्राइस. त्याच कापसाची हमाली आणि तोलाई मात्र चार्जेस. एकवचन-अनेकवचनही सांभाळावं लागतं. ‘नो चार्ज’ म्हणजे फुकट, ‘नो चार्जेस’ असं कोर्टाच्या बातमीत आलं तर आरोप नाहीत.

मोबाईलच्या बाबतीत आपण ‘चार्जिंग संपली’ म्हणतो. मराठीत ते चालून गेलंय, चालू द्या. पण इंग्रजीत ‘माय चार्जिंग इज ओव्हर’ म्हटलं तर चार्ज करण्याची क्रिया आटोपली असा अर्थ होतो, म्हणजे फोन भरला! बोलायचं होतं नेमकं उलट. ‘माय फोन इज आउट ऑफ चार्ज’ म्हणावं. भरण्याची क्रिया चार्जिंग, आत भरलेला माल चार्ज.

फवारणीच्या बॅटरी पंपावर इंग्रजी सूचना असते, ‘चार्ज फुली बिफोर स्टोरेज’. पंप बहुधा 12 व्होल्ट, 8 ॲम्पिअर-अवरचा, शिशाच्या बॅटरीचा. सूचना न वाचता पऱ्हाटीची शेवटची फवारणी झाली की रिकामा पंप कोठ्यात ठेवतात. डिस्चार्ज झालेल्या बॅटरीत पट्ट्यांवर लेड सल्फेट जमतं. महिनोन्‌महिने तसंच राहिलं की त्याचे खडे घट्ट होतात आणि पुढच्या हंगामात कितीही वेळ लावा, चार्ज धरत नाही. ‘ओव्हरचार्ज’चेही दोन अर्थ आहेत. बॅटरी जास्त भरली तो एक, दुकानदारानं जास्त पैसे लावले तो दुसरा.

कार्यभाराच्या अर्थात एका ‘द’वर सगळं उलटतं. ‘द टीचर इज इन चार्ज ऑफ द चिल्ड्रन’ म्हणजे मुलं शिक्षकाच्या ताब्यात. ‘द टीचर इज इन द चार्ज ऑफ द चिल्ड्रन’ म्हटलं की शिक्षकच मुलांच्या ताब्यात. (काही वर्गांत तेही खरं असतं.) शाळेच्या पाटीवर ‘इनचार्ज हेडमास्टर’ असं जोडून लिहितात, रीतसर इंग्रजीत ‘हेडमास्टर इन चार्ज’ किंवा ‘ॲक्टिंग हेडमास्टर’. आदेशातला ‘ॲडिशनल चार्ज’ म्हणजे अतिरिक्त कार्यभार, जादा पैसे नव्हेत. एका तलाठ्याकडे दोन-तीन साझ्यांचा असतो तो हाच.

सगळ्यात महागात पडणारा अर्थ जमिनीचा. कर्जाच्या इंग्रजी कागदात ‘चार्ज क्रिएटेड ऑन द लँड’ असं असतं. चार्ज म्हणजे फी असं समजून शेतकरी सही करतो. हा चार्ज म्हणजे सातबाऱ्यावरचा बोजा. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात गहाण कलम 58 मध्ये आहे आणि चार्ज कलम 100 मध्ये. गहाणात जमिनीतला हक्क धनकोकडे वर्ग होतो. चार्जमध्ये जमीन त्या कर्जाला नुसती बांधलेली असते. कर्ज फिटल्यावर बँक ‘चार्ज रिलीज्ड’ लिहून देते आणि माणूस घरी निघतो. पण पत्र फायलीत राहिलं तर इतर अधिकाराच्या रकान्यातला बोजा तसाच राहतो, आणि पुढं खरेदीच्या किंवा नव्या कर्जाच्या वेळी अडतो. ना-देय दाखला घ्यावा, बोजा कमी करण्याचा अर्ज तलाठ्याकडे किंवा सरकारच्या ऑनलाइन ई-हक्क प्रणालीतून जावा, फेरफार मंजूर व्हावा आणि मग नवा सातबारा काढून तो रकाना डोळ्यांनी वाचावा. बँकेनं सोडलं आणि सातबाऱ्यावरून उतरलं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता थोडं आपल्या पानांबद्दल. ‘चार्जशीट दाखल, आरोप निश्चित’ असा एकाच दमात मथळा येतो. चार्जशीट म्हणजे पोलिसांचा तपासाचा अहवाल. 1 जुलै 2024 पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 193 खाली जातो. आरोप निश्चित करतं न्यायालय, नंतर. दोषारोपात काय असावं ते कलम 234 मध्ये आहे. मधल्या टप्प्यावर न्यायालयाला पुरेसा आधार दिसला नाही तर आरोपीला ‘डिस्चार्ज’ मिळतो. खटला चालून दोषी न ठरता सुटणं म्हणजे ‘ॲक्विटल’. दोन्हीला ‘निर्दोष सुटका’ छापलं तर न चाललेला खटला चालला असं होतं.

‘डिस्चार्ज’ म्हणजे बंडी रिकामी करणं. दवाखान्यातून सुट्टी, कोर्टातून सुटका, धरणातून विसर्ग. यातल्या शेवटच्याकडे पावसाळ्यात जास्त लक्ष हवं. अप्पर वर्धा धरणाचे दरवाजे उघडले की प्रसिद्धीपत्रकात ‘डिस्चार्ज’चा आकडा बहुधा घनमीटर प्रति सेकंदात असतो, आणि छापताना कधी कधी तोच आकडा क्युसेक, म्हणजे घनफूट प्रति सेकंद, होऊन येतो. 1 घनमीटर प्रति सेकंद म्हणजे सुमारे 35.3 क्युसेक. पत्रकातले 200 म्हणजे सात हजारांहून जास्त क्युसेक. बातमीत नुसतं ‘200 क्युसेक’ वाचून नदीकाठचा माणूस मोटर काढायला जाणार नाही. एकक पाहून आकडा छापावा, ही विनंती.

आपला,
इंग्रजी विषयाचा एक शिक्षक,
जि. अमरावती