हक्कसोडपत्रावर आत्ता सही नको

कोलंबस, ओहायो

ती. दादास,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर तू दोनदा म्हणालास, "दिवाळीत येऊन राहिली ना, मग हक्कसोडपत्राचं उरकून टाकू." दोन्ही वेळा मी विषय बदलला. आई बाजूला होती. शिवाय फोनवर मला रडू आलं की तू मुद्दा सोडून जेवलीस का ते विचारत बसतोस. म्हणून लिहिते.

मी वकील केली आहे, दिवाळखोरीची. इथे तेवढंच काम करणारे वेगळे वकील असतात. हे नागपूरला, आपल्या महालात, कुणाला सांगू नकोस. आपल्याकडे दिवाळं म्हटलं की इतवारीतून रातोरात शटर पाडून पळालेला कुणीतरी डोळ्यांसमोर येतो. इथे मात्र हा दिवाणी मामला आहे. कर्ज फेडता आलं नाही म्हणून पोलीस दारात येत नाहीत.

कर्ज कसं झालं ते तुला अर्धं माहीत आहे. नोकरी नव्हती ते सात महिने, त्यातच विमा नसताना निघालेलं पित्ताशयाचं ऑपरेशन आणि घरखर्चाला चार क्रेडिट कार्डं. एकूण ४६ हजार डॉलर. व्याज २७ टक्के, म्हणजे नोकरी लागल्यावर भरलं ते बहुतेक व्याजातच गेलं. मधे "कर्ज अर्ध्यावर आणून देतो" म्हणणाऱ्या एका कंपनीच्या नादी लागले. त्यांनी कार्डांचे हप्ते थांबवायला लावले आणि दरमहा स्वतःची फी कापून घेतली. एका कार्डवाल्याने सरळ दावा ठोकला. तेव्हा कुठे डोळे उघडले.

तीन वकिलांना भेटले, पहिली भेट तिघांकडेही फुकट. पहिल्याकडे वकील दिसलाच नाही, कारकुनानेच सगळं सांगितलं. दुसरा म्हणाला, चार महिन्यांत मोकळ्या व्हाल, सही करा. तिसऱ्या बाईंनी पेन उचलायच्या आधीच विचारलं, "भारतात तुमच्या नावावर काय आहे?" मी म्हटलं, काही नाही. वडील आहेत का, घर कुणाचं, मृत्युपत्र होतं का, असं त्या विचारत गेल्या. शेवटी मान्य करावं लागलं की बाबा मृत्युपत्र न करता २०१९ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या घरात आई, तू आणि मी यांचा सारखा एक तृतीयांश वाटा. त्यांनी पिवळ्या वहीत ते लिहून घेतलं, 'महाल'चं स्पेलिंग विचारून. तिथेच ठरवलं, काम यांनाच द्यायचं.

दिवाळखोरीच्या अर्जात जगात कुठेही असलेली मालमत्ता दाखवावी लागते. आईच्या खात्यावर सोयीसाठी माझं नाव घातलं होतं ना, तेही. लपवलं तर अडीच लाख डॉलरपर्यंत दंड, २० वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही, असं सहीच्या फॉर्मवरच छापलेलं आहे. अर्जाआधीच्या दोन वर्षांत वाटा फुकट कुणाच्या नावे केला तर ती धनकोंची, म्हणजे ज्यांचं देणं आहे त्यांची, फसवणूक धरली जाऊ शकते. म्हणून आत्ता हक्कसोडपत्र नको. मला घर नकोच आहे, हे तुला ठाऊक आहे. पण कागद कसा दिसतो ते मी ठरवत नाही.

याच वाट्यामुळे दिवाळखोरीचा चॅप्टर ७ हा प्रकार आमच्या बाईंना नको वाटला. त्यात प्रकरणावर नेमलेला ट्रस्टी विक्रीसाठी मालमत्तेवर बोट ठेवू शकतो. चॅप्टर १३ मध्ये मालमत्ता आपल्याकडेच राहते आणि पगारातून दरमहा ट्रस्टीकडे हप्ता जातो. माझा पगार राज्यातल्या मधल्या (मीडियन) उत्पन्नापेक्षा जास्त, म्हणून हप्ते पाच वर्षं. मात्र माझा वाटा विकून धनकोंना जेवढं मिळालं असतं, निदान तेवढं तरी हप्त्यांतून द्यावं लागतं. म्हणून घराची किंमत नीट हवी. कोर्टाची फी ३१३ डॉलर आहे. वकिलाची बरीचशी फी हप्त्यांतूनच जाईल. अर्जाआधी एक समुपदेशनाचा कोर्स करावा लागतो, तो मी ऑनलाइन केला. त्यात घरखर्च कसा लिहावा ते शिकवतात. आई ऐकेल तर हसेल, ती ५० वर्षं वाण्याच्या वहीत तेच करते आहे.

अर्ज दाखल झाला की त्याच क्षणापासून वसुली थांबते, दावाही थांबतो. रोज सकाळी आठला वाजणारा तो फोन बंद होईल. ईडा पीडा घेऊन जा गे मारबत, असं मारबतीच्या मिरवणुकीतल्यासारखं ओरडावंसं वाटतं, पण इथे शेजारी घाबरतील.

आता जड जातं ते. तुझ्याकडून उसने घेतलेले चार लाख रुपये. त्यातला एक लाख मी फेब्रुवारीत परत केला आणि उरलेले अर्जाआधी देऊन टाकते म्हटलं, तर बाईंनी हातानेच थांबवलं. सख्ख्या नात्यातल्यांना वर्षभरात परत केलेले पैसे ट्रस्टी तपासतो. घरच्यांना आधी आणि बाकीच्यांना नंतर, हे चालत नाही. तुझं नाव आता धनकोंच्या यादीत आहे, त्या कार्डवाल्यांच्या खाली. ते टाइप होताना पाहिलं, दादा. आडनाव आपलं, पत्ता आपला, आणि वरती मथळा 'धनको'.

तुला अमेरिकन कोर्टाचं पत्र येईल. अर्जापासून ७० दिवसांत तू तुझ्या पैशांचा दावा त्यात लावू शकतोस, लाव. बाकीच्यांसारखाच तुलाही वाटा मिळेल. पाच वर्षांनी जे माफ होईल, ते मी स्वखुशीने तुला द्यायला कायद्याची आडकाठी नाही, हे मी बाईंना दोनदा विचारून घेतलं.

घराची आखीव पत्रिका, बाबांचा मृत्यूचा दाखला आणि नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल पाठव. आईचं पासबुकही लागेल, काय सांगून मागायचं ते वहिनी ठरवेल.

आणि ते पत्र. पोस्टमन दुपारी येतो, तेव्हा ओसरीत आईच बसलेली असते. जाडजूड परदेशी पाकीट पाहून ती हर्षाने फोडेल. पोस्टात आधीच सांगून ठेव.

तुझी,
बेबी