सुट्टी हलली, दंड मात्र कर्जदाराला

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

मी पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की कामाचे दिवस मोजणं म्हणजे काय, शनिवार-रविवार सोडायचे आणि झालं, पण तसं अजिबात नाहीये. सप्टेंबर 2015 पासून बँका दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद असतात, बाकीच्या शनिवारी चालू. एक्सेलमधलं कामाचे दिवस मोजणारं नेटवर्कडेज हे सूत्र मात्र सगळेच शनिवार काढून टाकतं. त्यात 19 फेब्रुवारीला शिवजयंती, राज्यात बँका बंद पण शेअर बाजार चालू, म्हणजे सौदा होतो पण सेटलमेंट, म्हणजे पैशांची आणि शेअर्सची प्रत्यक्ष देवघेव, पुढे जातं. एकच कॅलेंडर ठेवून भागतच नाही.

हे सगळं आम्ही सांभाळतो हो, कारण ते आधीपासून माहीत असतं. खरा त्रास सुट्टी ऐनवेळी हलली की होतो. 2023 मध्ये बकरी ईदची सुट्टी 28 जूनवरून 29 जूनला गेली, बदल कळला एक-दोन दिवस आधी. आमच्या प्रोग्राममध्ये 28 लाच सुट्टी, त्यामुळे त्या दिवशीचे हप्ते त्याने पुढच्या कामाच्या दिवसावर म्हणजे 29 वर ढकलले, त्या दिवशी बँक बंद, पैसे जमा झाले 30 ला आणि बिचाऱ्या सभासदांना दंडव्याज लागलं! त्यात एक भाजीवाल्या मावशी होत्या, ज्यांचा हप्ता कधी एक दिवसही चुकला नव्हता. आम्ही ते सगळं हाताने उलटवलं, पण त्यांना फोन करून सांगताना फार वाईट वाटलं. पुढे 22 जानेवारी 2024 ची सुट्टीसुद्धा 19 तारखेला, शुक्रवारी जाहीर झाली.

चंद्रदर्शन, मिरवणुका, बंदोबस्त यामुळे तारखा बदलाव्या लागतात हे मला मान्य आहे, बदलूच नका असं माझं म्हणणं नाही. पण निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याखालची, म्हणजे बँका बंद ठेवणारी सुट्टी सरकार जाहीर करतं तेव्हा पीडीएफसोबत कॉम्प्युटरला थेट वाचता येईल अशी साधी फाईलही त्याच मिनिटाला एका ठरलेल्या पत्त्यावर टाकावी, जुनी तारीख रद्द झाली तर तसं त्यात स्पष्ट असावं. आज आमच्यापैकी कुणीतरी बातमी वाचतो आणि रात्री बसून तारीख बदलतो, आणि ज्या संस्थेकडे असा माणूस नाही तिथले कर्जदार दंड भरतात, बहुतेकांना तर तो का लागला हे कळतही नाही. रिझर्व्ह बँक आणि राज्य सरकारने मिळून पुढच्या वर्षाची यादी काढतानाच हे सुरू करावं अशी कळकळीची विनंती.

आपला,
एक वाचक, सांगली