बालवाडीचे ऑनलाइन विज्ञान: आधी टब, मग मोबाइल

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अतिवृष्टीचा इशारा आला, शाळेला सुट्टी जाहीर झाली, की हल्ली छोट्या आणि मोठ्या शिशूवर्गाच्या पालकांच्या फोनवर लगेच लिंक येते: आज ऑनलाइन वर्ग, विषय विज्ञान. मग चार वर्षांच्या मुलाला मांडीवर धरून बसवायचे, सूर्यमालेचा व्हिडिओ लावायचा आणि शेवटी ग्रहांची नावे म्हणून घ्यायची. मूल नावे म्हणते, सगळ्यांना बरे वाटते. पण त्यात त्याने स्वतः काही पाहिलेले नसते, हाताळलेले नसते, ताडून बघितलेले नसते. आमचे म्हणणे असे, की त्या अर्ध्या तासात मोबाइलकडे पालकाने पाहावे आणि मुलाचे हात पाण्यात असावेत.

सरकारी सूचनाही याहून वेगळे सांगत नाहीत. केंद्राने जुलै २०२० मध्ये 'प्रज्ञाता' या नावाने ऑनलाइन शिक्षणाच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. पूर्वप्राथमिकसाठी दिवसाला जास्तीत जास्त ३० मिनिटे, आणि तीही पालकांशी बोलायला, त्यांना मार्गदर्शन करायला, असे त्यात आहे. 'पालकांशी' हा शब्द पुढे कुठे हरवला कोण जाणे.

तरंगते-बुडते हा या वयाचा सगळ्यात चांगला प्रयोग, आणि घरोघरी सगळ्यात जास्त बिघडतो तोही हाच. आदल्या संध्याकाळी पालकांना छोटा व्हॉइस मेसेज पाठवावा. लांबलचक यादी कोणी वाचत नाही. सामान इतकेच: पारदर्शक डबा किंवा बरणी, त्यात साधारण दोन लिटर पाणी, खाली अंथरायला जुना टॉवेल, दोन ताटल्या आणि सहा वस्तू. स्टीलची वाटी, बाटलीचे झाकण, खडा, लाकडी चमचा, बटाटा, संत्रे. दहा-बारा वस्तू ठेवल्या की मूल त्या भराभर पाण्यात टाकत सुटते आणि बघायचे राहून जाते.

दोन ताटल्या कशाला, असे पालक विचारतात. एक 'तरंगेल'ची, दुसरी 'बुडेल'ची. प्रत्येक वस्तू हातात घेऊन मुलाने आधी अंदाज करायचा आणि ती त्या ताटलीत ठेवायची. नुसते तोंडी विचारले, तर निकाल दिसताच मूल म्हणते, 'मी तेच म्हटलं होतं!' ते खोटे बोलत नसते, त्याला खरेच तसे वाटत असते. ताटलीत ठेवलेली वस्तू मात्र त्याचा अंदाज जपून ठेवते. अंदाज चुकला की त्याच्या भुवया वर जातात. तेवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप.

आता वाटी. एका घरात ती अलगद आडवी ठेवली जाते आणि तरंगते, दुसऱ्या घरात कडेवर सोडली जाते आणि पाणी भरून तळाला जाते. पडद्यावर दोन मुले दोन उत्तरे देतात आणि बाई घाईने 'बुडते' असे लिहून मोकळ्या होतात. खरे तर वर्ग इथेच थांबवायला हवा. दोघांना एकमेकांची वाटी बघू द्या, मग दोन्ही घरांत वाटी आडवी ठेवायला सांगा आणि चमच्याचमच्याने तिच्यात पाणी घालू द्या. कितव्या चमच्याला बुडाली? एकाची आठव्याला, दुसरीची बाराव्याला, कारण वाट्या लहानमोठ्या. मोजणी, तुलना, कारण शोधणे, सगळे त्यातच आले.

संत्रे सालीसकट तरंगते, कारण सालीच्या पांढऱ्या भागात आणि सालीखाली हवा असते. सोलून टाकले की बहुधा बुडते. कधीकधी मधल्या पोकळीतल्या हवेमुळे सोललेलेही तरंगते, तेव्हा फोडी सुट्या करून टाकाव्यात. हे बाईंनी आदल्या दिवशी स्वतः करून बघितलेले असावे. आणि 'जड ते बुडते' हे वाक्य कोणीही उच्चारू नये, ते चूक आहे. अख्खे कलिंगड तरंगते, हरभऱ्याचा दाणा बुडतो. घनता हा शब्द या वयात नको, पण पुढे पुसावे लागेल असे वाक्यही नको.

तंत्राच्या चुका अगदी साध्या असतात आणि वर्ग त्यांच्यापायीच वाया जातो. बरणीमागे खिडकी असली की कॅमेऱ्याला सगळे काळे दिसते, म्हणून उजेड मोबाइलच्या मागून यावा. मोबाइल दुसऱ्या एखाद्या डब्याला टेकवून बरणीपासून दीड-दोन फुटांवर, मुलाच्या हातांवर रोखलेला असावा, चेहऱ्यावर नव्हे. मागची पार्श्वभूमी धूसर करण्याची सोय बंद ठेवावी, ती हातातला खडासुद्धा गिळून टाकते. आवाजाचे प्रयोग पडद्यावरून करू नयेत. डब्यात राजमा खुळखुळवला तर अ‍ॅपला तो गोंगाट वाटतो आणि ते आवाज छाटून टाकते. मुलाला पुढ्यातला डबा ऐकू येतो, बाईंना काहीच नाही, आणि मग बाई विचारतात, 'आवाज का नाही केलास?' अशा वेळी मुलाने हिरमुसू नये तर काय करावे?

एका वेळी सहा-सात घरे पुरेत. पस्तीस मुलांचा वर्ग एकत्र घेतला तर एकाच्या घरचा कुकर सगळ्यांच्या घरी शिट्ट्या देतो.

रुजवणीचा प्रयोग एका बैठकीचा नाही, त्याला रोज एक फोटो पुरतो. काचेच्या पेल्यात ओला कापूस, काच आणि कापूस यांच्यामध्ये रात्रभर भिजवलेले चार-पाच अख्खे मूग. दिवसा-दोन दिवसांत मोड दिसतो. उगवले नाही अशी तक्रार आली तर आधी विचारावे, मूग होते की मुगाची डाळ? घरात डाळ असते म्हणून डाळच घातली जाते आणि फुटलेला दाणा उगवत नाही. दुसरे कारण जास्त पाणी. कापूस ओलसर हवा, मूग पाण्यात बुडले तर हवेअभावी कुजतात, वास येतो. खरे म्हणजे दुसऱ्या पेल्यात मुद्दाम डाळ घालावीच, म्हणजे चूकही प्रयोगात जमा होते.

भाषेचे एक सांगितल्यावाचून राहवत नाही. मीठ पाण्यात विरघळते, बर्फ वितळतो. मोठी माणसे दोन्हीला 'वितळलं' म्हणतात आणि मुलांचा गोंधळ होतो. दोन पेले शेजारी ठेवावेत, एकात साखर आणि पाणी, दुसऱ्यात नुसता बर्फाचा खडा. साखर 'गायब झाली' असे मूल म्हणाले तर चूक म्हणू नये, पाणी चाखायला द्यावे.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा आसपास मिळणाऱ्या वस्तूंमधूनच शैक्षणिक साधने उभी केली. त्याच महाराष्ट्रात मुलांच्या 'सायन्स किट'साठी पालकांकडून पैसे मागितले जातात, याचे आम्हाला वाईट वाटते. स्वयंपाकघरात जे आहे ते पुरेसे आहे.

शाळांना कळकळीची विनंती: सामानाच्या मेसेजमध्येच सुरक्षिततेचे सांगा. मूग, राजमा, वाटाणे मुले नाकात-कानात घालतात आणि दाणा ओला झाला की फुगून अडकतो, म्हणून दाणे मोजून द्यावेत आणि मोजून परत घ्यावेत. हळदीला लाल करायला चुना देऊ नये, डोळ्याला इजा होते. साबणाचे पाणी पुरते. खेळण्यातल्या बटणासारख्या बॅटऱ्या आणि छोटी लोहचुंबके प्रयोगात नकोतच. कलिंगड तरंगवायची बादली असो की टब, मोठे माणूस हाताच्या अंतरावर हवे, आणि कॉल बंद करण्याआधी पाणी ओतून टाकलेले हवे.

आपले,
बालवाडी शिक्षिकांचा एक गट, पुणे