एकट्याने वाचलेलं वचन

प्रिय सुधीर,
सप्रेम सलाम.

‘हातात बायबल असताना चर्चची परंपरा कशाला?’ असं तू विचारलंस. पण त्या बायबलची अनुक्रमणिका कुणी ठरवली? नव्या कराराची आजची नेमकी 27 पुस्तकं नोंदवलेली पहिली यादी मिळते ती अलेक्झांड्रियाचा बिशप अथनासियस याच्या 367 सालच्या पत्रात. परंपरा नाकारणारासुद्धा तिनेच बांधून दिलेलं पुस्तक उघडतो.

आणि नुसत्या वचनांनी वाद मिटत नाहीत. ख्रिस्त हा पित्याने निर्माण केलेला, असं शिकवणाऱ्या आरियसकडेही वचनंच होती: नीतिसूत्रे 8:22, योहान 14:28. म्हणून 325 मध्ये निकियाला भरलेल्या बिशपांच्या सभेला ‘पित्याशी एकतत्त्व’ हा शास्त्रात नसलेला शब्द मतांगीकारात (श्रद्धेच्या अधिकृत जाहीरनाम्यात) घालावा लागला. मला तो निर्णय योग्यच वाटतो. पुढे 1529 मध्ये जर्मनीतल्या मार्बुर्गला लूथर आणि झ्विंग्ली हे दोन प्रोटेस्टंट धर्मसुधारक भेटले. दोघेही शास्त्रालाच प्रमाण मानणारे. 15 पैकी 14 कलमांवर एकमत झालं आणि पंधराव्यात, प्रभुभोजनात ख्रिस्ताचं शरीर प्रत्यक्ष असतं का, इथे गाडी अडली. ‘हे माझे शरीर आहे’ हे वचन दोघांपुढे तेच होतं!

अर्थात जुनं ते सगळं प्रेषितांपासूनचं, असंही समजू नकोस. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने पोपला सत्ता बहाल केल्याचं म्हणून मिरवलेलं दानपत्र शतकानुशतकं खरं मानलं गेलं. लोरेंझो वाल्ला या इटालियन विद्वानाने 1440 मध्ये त्यातल्या लॅटिनवरूनच ते बनावट ठरवलं.

आता वचन कसं वाचायचं ते. देवाचे संकल्प हिताचे आहेत असं सांगणारं तुझं आवडतं यिर्मया 29:11 घे. त्याच्या आधीचं दहावं वचन बाबेलातल्या बंदिवासाची 70 वर्षं सांगतं, म्हणजे ऐकणाऱ्यांतले बहुतेक परतीचा दिवस पाहणारच नव्हते. (भिंतीवरच्या फ्रेममध्ये दहावं वचन कधी नसतं.) तेव्हा आधी अख्खा अध्याय वाच, तो कुणाला उद्देशून आहे ते बघ, त्याच विषयावरची इतर वचनं ताड आणि आपला अर्थ कागदावर उतरव. टीकाग्रंथ, म्हणजे वचनांचा अर्थ उलगडणारे ग्रंथ, त्यानंतरच. आधी उघडलास तर त्यातलंच मत तुला स्वतःचं वाटू लागेल. ग्रंथही वेगवेगळ्या परंपरांतले घे: जुन्या ग्रीक चर्चचा क्रिसोस्तोम, लॅटिन चर्चचा ऑगस्टीन, प्रोटेस्टंट कॅल्विन. एकाच पंथाचे तिघे घेतलेस तर एकच मत तीनदा ऐकशील. तुझा अर्थ यांपैकी कुणालाच सुचला नसेल, तर बहुधा संदर्भ सुटलेला असतो. पुन्हा अध्यायाकडे जा, आणि तोवर तो उपदेशात सांगू नकोस.

बिरुया गावच्या लोकांनी प्रेषित पौलाचं बोलणंही शास्त्रात तपासलं (प्रेषितांची कृत्ये 17:11), ते बरोबरच. पण त्याच पुस्तकातला कूशी (इथिओपियाचा) अधिकारी शास्त्र वाचताना वाट दाखवणारा मागतो (8:31), तेही वाच.

सुरुवात रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायापासून कर. त्यातला, नको तेच करून बसणारा ‘मी’ कोण, यावर खुद्द ऑगस्टीनने पुढे मत बदललं. तुझं उत्तर लिहून पाठव, मग भांडू.

तुझा,
विनय