सुहासला पत्र

रामबाग, इंदूर

प्रिय सुहास,

परवा फोनवर तू विचारलंस, "आईला मॉर्फिन सुरू करू का? म्हणजे आता संपलंच ना?" मी रस्त्यात होतो, धड बोलता आलं नाही. म्हणून लिहितोय.

सुरू कर. आम्ही याच प्रश्नापाशी तीन आठवडे घालवले, आणि ते अण्णांनी उशीचा कोपरा दातांत धरून काढले. आधीच्या दवाखान्याने "आता करण्यासारखं काही नाही, घरी न्या" म्हणून हात झटकले होते. करण्यासारखं केवढं होतं रे! दुखणं, धाप, जखमेचा वास, कोरडं पडणारं तोंड, सगळ्यांवर काही ना काही उपाय होता.

पॅलिएटिव्हच्या, म्हणजे आजार बरा होणार नसला तरी त्रास कमी करणाऱ्या, डॉक्टरबाई घरी आल्या. म्हणाल्या, दुखायची वाट बघायची नाही, आधीच द्यायची. दर चार तासांनी गोळी. झोपताना दुप्पट, म्हणजे रात्री दोनला उठवायला नको. मध्येच कळ आली तर जादा गोळी. मात्रा मात्र काकूंच्या डॉक्टरांनाच ठरवू दे. पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून माग, ते विसरू नकोस. आणि व्यसन लागेल ही भीती सोड. दुखण्यासाठी मापात दिलेल्या मॉर्फिनने तसं सहसा होत नाही. औषध सहज मिळत नाही, हा खरा त्रास. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याने फार आवळून ठेवलं होतं, २०१४ मध्ये तो सैल केला, तरी नेहमीच्या मेडिकलवाल्याने मला परतच पाठवलं. कुठे मिळेल ते डॉक्टरांनाच विचार.

तिसऱ्या दिवशी अण्णांनी दाढी करून मागितली. गाल इतके आत गेले होते की मी आतून जिभेने फुगवायला सांगितलं, तसे त्यांनी फुगवले. मग आरसा मागून कल्ले सारखे आहेत का ते पाहिलं. आई दारात उभी होती. ती गेल्यावर हळूच म्हणाले, "मला काय झालंय ते ठाऊक आहे. तिला सांगू नकोस." आणि स्वयंपाकघरात आई मला रोज बजावत होती, "त्यांना कळू देऊ नकोस हं!" त्या रात्री मी दोघांना एका खोलीत बसवलं आणि बाहेर आलो. बराच वेळ आवाज नव्हता. मग आईचं रडणं ऐकू आलं, आणि अण्णांचं "अगं, अगं".

त्यानंतर पाच आठवडे मिळाले. आधीचे तीनही मिळाले असते.

काकूंना सगळं ठाऊक असेल, विचारून बघ. वहिनींना रात्रीची झोप मिळते का? शनिवारी सकाळी मी पुण्यात पोचतोय. दोन रात्री काकूंजवळ मी बसेन, तुम्ही दोघं दार लोटून झोपा.

तुझा,
अविनाश